बोटभर शिपाई

दिवाळीची सुट्टी संपायला दोन दिवस उरले होते. रविवारची कार्यकर्त्यांची बैठक आटोपून आम्ही दुपारी घरी आलो, तो आमची धाकटी खिडकीत पाठमोरी बसलेली. मान खाली, श्वास रोखलेला आणि हात अगदी नाकाशी नेलेला. आम्हांला वाटले, सुईत दोरा ओवते आहे. जवळ जाऊन पाहिले तर एका हातात बोटभर उंचीचा मातीचा मावळा आणि दुसऱ्या हातात चार केसांचा ब्रश!

"पप्पा, हलू नका. डोळा काढतेय," ती म्हणाली.

आम्ही हललो नाही. पण मनात आले, आठवीतली मुलगी, गणिताचा गृहपाठ तसाच पडलेला आणि ही बाहुल्यांचे डोळे काढत बसली आहे. तोंडानेही तसे बोललोच. आमच्या मिसेस स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मोबाईल घेऊन बसली असती तर चाललं असतं का?" यावर उत्तर नव्हते. आम्ही चहा मागितला.

हा मावळा कुठून आला, हे ठाणे-कल्याणच्या वाचकांना सांगायला नको. दिवाळी जवळ आली की बाजारात रस्त्याच्या कडेला मातीचे शिपाई हारीने उभे असतात. भालेवाले, तलवारवाले, तोफा, वाघ आणि मधोमध सिंहासनावर शिवाजी महाराज. आपल्या वस्तीत दिवाळी कोणी करतो, कोणी करीत नाही. पण चाळीतल्या पोरांचा किल्ला सगळ्यांचा असतो. दगड-विटा रचायच्या, वर गोणपाट टाकायचे, त्यावर लाल माती थापायची आणि हळीव नाहीतर मोहरी पेरायची, की चार दिवसांत किल्ला हिरवागार. बनवणारा कारागीर बिचारा शेकड्यांनी शिपाई रंगवतो. एकेका चेहऱ्यावर वेळ घालवणे त्याला परवडत नाही. त्यामुळे कोणाची मिशी गालावर जाते, कोणाचा डोळा कपाळावर. आमच्या धाकटीला ते बघवले नाही. तिने एकेकाला धुऊन पुन्हा रंगवायला घेतले होते.

खरे सांगायचे तर आमच्या पोटात दुखत होते ते वेगळ्याच कारणाने. शाळेत असताना आमचाही हात चित्रकलेत बरा होता. ड्रॉइंगच्या सरांनी एलिमेंटरीला बसवले, पास झालो. इंटरमिजिएटच्या वेळी वडील म्हणाले, "चित्रं काढून पोट भरतं काय?" कारखान्यात तिन्ही पाळ्या करणारा माणूस तो, त्याचे चुकले असे आजही म्हणवत नाही. रंगांची पेटी माळ्यावर गेली. पुढे आम्ही बीकॉम झालो, ठाण्याला क्लार्क म्हणून लागलो आणि लाल-निळ्या शाईपलीकडे रंगाशी संबंध उरला नाही. त्या दुपारी आम्ही वडिलांचेच वाक्य बोलायच्या बेतात होतो. मिसेसनी वाचवले.

ऑफिसात गोष्ट निघाली तेव्हा एक सहकारी म्हणाले, "आमच्या डोंबिवलीत एक निवृत्त ड्राफ्ट्समन आहेत. आयुष्यभर हेच करतात. नेपोलियनचे शिपाई रंगवतात." आम्हांला हसू आले. डोंबिवलीत नेपोलियन! पण धाकटीने ऐकले आणि पिच्छाच पुरवला. पुढच्या रविवारी आम्ही दोघे त्यांच्या दारात उभे.

त्यांनी आडनाव विचारले. आम्ही सांगितले आणि सवयीने पुढच्या प्रश्नाची वाट पाहू लागलो. तो कोणता असतो, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. पण ते धाकटीकडे वळून म्हणाले, "चष्म्याचा नंबर किती, ताई? या कामाला डोळे सांभाळावे लागतात." आम्ही निवांत खुर्चीत बसलो.

काचेच्या कपाटात चार फळ्या भरून सैन्य होते. काही शिपाई इंचभर, काही दोन इंच. निळ्या कोटातली, अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या घातलेली नेपोलियनची गार्ड पलटण. समोर लाल कोटातले इंग्रज. प्रत्येकाच्या कोटाला बटणे, छातीवर पांढऱ्या पट्ट्यांची फुली, पाठीवर गुंडाळलेले कांबळे. त्यांनी आम्हांला भिंग दिले. भिंगातून पाहिले तर एका शिपायाने दाढी केलेली नव्हती!

काका बोलू लागले की थांबत नसत. हा नाद युरोपात जुना. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग गावी अठराव्या शतकात कथलाचे चपटे शिपाई ओतले जात. १८९३ साली इंग्लंडात विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने आतून पोकळ असे शिशाचे शिपाई काढले, ते स्वस्त पडले आणि घरोघर गेले. मग प्लॅस्टिक आले. नेपोलियनच्याच काळाचे वेड का, तर त्या काळी फौजा रंगीत होत्या. तोफा-बंदुकांच्या धुरात आपला-परका ओळखू यावा म्हणून पलटणीपलटणीचे रंग वेगळे.

"आणि हे रंग कुठून यायचे?" काकांनी धाकटीला विचारले. मग स्वतःच सांगितले. साध्या इंग्रज शिपायाचा लाल कोट मंजिष्ठेच्या जातीच्या झाडाच्या मुळांत रंगवीत. तो विटकरी दिसे. अंमलदाराचा भडक लाल कोट किड्यांपासून काढलेल्या महाग रंगाचा. म्हणजे लालातही वरचा लाल आणि खालचा लाल! फ्रेंचांच्या निळ्या कोटाला नीळ लागे. नीळ हिंदुस्थानातून आणि वेस्ट इंडीजच्या बेटांवरून जाई. इंग्रजांशी वैर वाढून समुद्रातला व्यापार अडला, तशी नेपोलियनला नीळ मिळेनाशी झाली. १८०६ साली त्याने पायदळाला पांढरे कोट द्यायचा हुकूम काढला आणि लवकरच तो बेत सोडून दिला. बंगाल-बिहारच्या रयतेला सक्तीने जी नीळ पेरायला लावली, तिचा धागा असा थेट नेपोलियनच्या पाठीपर्यंत. आम्ही शाळेत इतिहास पाठ केला होता, पण कोटाच्या रंगाने तो असा कधी उलगडला नव्हता.

एका इंग्रज सेनापतीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हा वेलिंग्टन. १८०३ च्या सप्टेंबरात हा आपल्या जालना जिल्ह्यात असईला लढला. तिथे शिंदे आणि भोसल्यांच्या फौजा हरवल्या. बारा वर्षांनी, १८ जून १८१५ ला, वॉटर्लूला नेपोलियनला हरवला."

मग त्यांनी विल्यम सायबर्नची हकीगत सांगितली. ती आमच्या मनात घर करून बसली आहे. सायबर्न हा इंग्रज फौजेतला एक लेफ्टनंट. १८३० साली त्याला वॉटर्लूच्या लढाईचे मॉडेल करायचे काम मिळाले. तो रणभूमीवर जाऊन महिनोन्‌महिने राहिला, इंच-इंच जमीन मोजली. लढाईत असलेल्या अंमलदारांना पत्रे पाठवून विचारले, संध्याकाळी सातच्या सुमारास तुम्ही नेमके कुठे होता? सरकारने मध्येच पैसे थांबवले, तरी कर्ज काढून त्याने काम पुरे केले. १८३८ साली लंडनला ते लोकांपुढे मांडले. सत्तर हजारांवर चिमुकले शिपाई! पण एक अडचण झाली. वॉटर्लूला संध्याकाळी प्रशियाची फौज इंग्रजांच्या मदतीला आली होती. सायबर्नने मिळालेल्या माहितीप्रमाणे तिचे शिपाई मांडले. विजयात दुसऱ्याचा एवढा वाटा दिसणे वेलिंग्टनच्या गोटाला रुचले नाही. पत्रापत्री झाली आणि अखेर सायबर्नने आपली मांडणी चुकली असे म्हणून प्रशियाचे बरेच शिपाई मॉडेलवरून काढले. ते मॉडेल आजही लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

धाकटी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "काका, ह्यांच्यात आपले कोण?"

काकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "वॉटर्लू १८१५ चं. तुमचं कोरेगाव १ जानेवारी १८१८ चं. मध्ये फक्त अडीच वर्षं. लाल कोट तोच, चकमकीची बंदूक तीच. ती बंदूक तर मुळात कंपनीसाठी काढलेल्या नमुन्याची, पुढे इंग्लंडच्या फौजेनंही घेतली. पण तुमचा शिपाई माझ्या कपाटात नाही. मी तो कधी केला नाही." थोडे थांबून म्हणाले, "तू कर."

परतताना लोकलमध्ये आम्ही धाकटीला ठाण्याच्या तुरुंगाची गोष्ट सांगितली. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह म्हणजे जुना किल्ला. १७३० साली पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ साली मराठ्यांनी घेतला, १७७४ साली इंग्रजांनी. पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला इंग्रजांनी इथेच डांबले होते. १८१६ साली तो निसटला आणि पुढे कोरेगावच्या लढाईत पेशव्यांच्या बाजूने उतरला. ज्या भिंतीजवळून आमची रोजची वाट, तिचा कोरेगावशी असा संबंध आहे.

घरी काम सुरू झाले. ज्यांच्या मुलांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी कृती सांगतो. जुन्या वायरमधली तांब्याची तार वाकवून दोन इंचांचा सांगाडा करायचा. त्यावर एमसीलचे दोन्ही भाग नीट मळून थापायचे. तासाभरात ते कडक होते, तेवढ्यात ओल्या बोटाने आणि टाचणीने कोटाच्या घड्या काढून घ्यायच्या. बंदुकीला खराट्याची काडी. संगिनीला टाचणीचे टोक. छातीवरच्या पट्ट्या वहीच्या कागदाच्या. हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी. जुने शिशाचे शिपाई कोणाकडे असतील तर ते लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. शिसे विषारी असते.

पहिल्या तीन शिपायांचे रंग पोपडे धरून गळाले. धाकटी रडकुंडीला आली. चूक अशी की पोस्टर कलर तिने थेट एमसीलवर लावला होता. काकांनी फोनवर सांगितले, आधी प्रायमरचा पातळ हात द्यायचा, तो वाळला की ॲक्रिलिक रंग. खोलगट जागी गडद, उंचवट्यावर फिकट. ब्रश कोरडा करून वरून नुसता फिरवला की घड्या उठून दिसतात. जाड एका थरापेक्षा पातळ दोन बरे. आमचा सगळा खर्च साडेतीनशेच्या आत झाला.

मग आला चेहरा. रंगांच्या पेटीत एका बाटलीवर 'स्किन' असे लिहिलेले होते. आत गुलाबीसर रंग. धाकटीने तो लावला, शिपाई हातात धरून पाहिला, नंतर शेजारी स्वतःचा हात धरला. "पप्पा, ही स्किन कोणाची?" आमच्याकडे उत्तर नव्हते. तिने तपकिरीत थोडा पिवळा, थोडा लाल मिसळला. आजोबांचा फोटो समोर ठेवून रंग जुळवला. आमच्या वडिलांचा तो फोटो. ज्यांनी आमची पेटी माळ्यावर टाकली, त्यांच्याच चेहऱ्याचा रंग शिपायाला चढला.

पोशाखाचे काका पुस्तकातली जुनी चित्रे दाखवून सांगत. कंपनीच्या देशी शिपायाचा कोट गोऱ्यासारखा लाल, पण डोक्यावर पगडीच्या घाटाचे ताठ शिरस्त्राण आणि पायात बुटांऐवजी चपला. कोट छान लाल झाला. आम्ही खूश होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन पाहतो तर तिने त्यावर मातकट पाणी फिरवून सगळा मळवून ठेवलेला! आम्ही चिडलो. "अगं, आपला शूर शिपाई असा कळकट दाखवतेस? लोक काय म्हणतील?"

ती म्हणाली, "पप्पा, ३१ डिसेंबरच्या रात्री आठला ते शिरूरहून निघाले. रात्रभर चालले. सकाळी दहाला कोरेगावला पोचले. चाळीस किलोमीटर. मग रात्रीपर्यंत लढले. पोटात अन्न नाही, प्यायला पाणी नाही. कोट स्वच्छ कसा राहील?"

आम्ही दर वर्षी या लढाईवर भाषण देतो. पण त्या माणसांना तहान लागली होती, हे आमच्या भाषणात कधी आले नव्हते.

खरी पंचाईत पुढेच होती. १ जानेवारीला मंडळी कोरेगावला जाऊन आली की पुढच्या रविवारी विहाराच्या सभागृहात धाकटीचे शिपाई मांडायचे ठरले. नऊ तयार झाले होते. पाटावर माती पसरून गावाची भिंत केली होती. प्रत्येकाच्या पायाशी चिठ्ठी. गोपनाक मोठेनाक, शामनाक येसनाक, अंबनाक काननाक. ही नावे विजयस्तंभावर कोरलेली आहेत. पण काही चिठ्ठ्यांवर नुसतेच 'मराठा शिपाई', 'राजपूत शिपाई', 'मुसलमान शिपाई' असे लिहिले होते. दोन मद्रासचे तोफवालेही होते.

आम्ही तिला बाजूला घेतले. "हे कशाला? आपले तेवढे ठेव."

"पप्पा, कॅप्टन स्टाँटनबरोबर एकूण आठशे चौतीस जण होते. पायदळ पाचशेच्या आसपास. त्यात महार पुष्कळ, पण बाकीचेही होते. स्तंभावर एकोणपन्नास नावं आहेत. बावीसच्या शेवटी 'नाक' आहे. बाकीचे पण मेलेच ना?"

वाचकहो, आम्ही गेली वीस वर्षे व्यासपीठावरून 'पाचशे महार विरुद्ध अठ्ठावीस हजार' असेच सांगत आलो आहोत. टाळ्या पडतात. पेशव्यांची फौज मोठी होती यात शंका नाही, पण ती सगळीच्या सगळी एकदम गावावर तुटून पडली नव्हती. गावात घुसले ते तिच्यातले अरब, गोसावी आणि इतर पायदळ. हे आम्ही वाचलेले होते. सांगत मात्र नव्हतो. आता आठवीतल्या मुलीपुढे काय बोलणार? तरी आम्ही म्हणालो, "आपला मान कमी होतो."

तेवढ्यात मागून एक आजोबा पुढे आले. महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला ही रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, हे त्यांनीच आम्हांला पूर्वी सांगितलेले. ते पाटाशी वाकले. एक शिपाई अलगद उचलून उजेडात धरला. आम्हांला वाटले, आता कोटाच्या मळाबद्दल बोलणार.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "रात्रभर चाललेल्या माणसाचा कोट असाच होतो." मग आमच्याकडे वळले. "आणि साहेब, शेजारी पडलेला माणूस सोडून फौजेत हजेरी घेत नाहीत. ही पोरगी बरोबर करते आहे."

आम्ही मान खाली घातली.

मग ते धाकटीला म्हणाले, "बाळ, आपली बावीस नावं वाच. मोठ्यानं वाच." तिने कागद काढला आणि वाचू लागली. सभागृहात बाया-माणसे, पोरे उभी होती. भांड्यांचा आवाज थांबला. बावीस नावे संपली तेव्हा आजोबा म्हणाले, "आता बाकीची पण वाच." तिने सत्तावीस नावे वाचली. आजोबा शेवटपर्यंत ताठ उभे होते.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले. सुभेदार रामजींचा मुलगा तो, लष्करी छावणीत जन्मलेला. शिपायाचे घर कसे असते हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पुस्तकातला शब्दन्‌शब्द तपासून घेणारा तो माणूस. त्यांच्या लोकांनी आकडे फुगवायची गरज काय? बावीस नावे दगडावर कोरलेली आहेत. ज्या पेशवाईत महाराची सावली चालत नव्हती, त्या पेशवाईपुढे ही माणसे रात्रभर चालून, तहानलेली उभी राहिली. एवढे पुरेसे आहे. सायबर्नच्या मॉडेलवरून दुसऱ्याचे शिपाई काढले गेले, याचा आम्हांला राग आला होता. तेच काम आमच्या हातून होणार होते.

यंदा आम्ही भाषण बदलणार आहोत. टाळ्या कमी पडल्या तरी चालेल.

आई-वडिलांना एवढेच सांगणे आहे. पोर खिडकीत बसून काही घडवत असेल, रंगवत असेल, तर लगेच गृहपाठाची आठवण करून देऊ नका. आधी जवळ जाऊन काय चालले आहे ते पाहा. जमले तर एखाद्या रविवारी भायखळ्याला राणीच्या बागेशेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात न्या. जुन्या मुंबईतल्या माणसांच्या, त्यांच्या कामधंद्यांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती तिथे आहेत.

धाकटीचा एकोणपन्नास शिपाई पुरे करायचा बेत आहे. आजवर तेरा झाले. गणितात पडलेले गुण सांगण्यासारखे नाहीत, त्यासाठी संध्याकाळी अर्धा तास आम्ही तिला शिकवतो. बदल्यात रविवारी ब्रश धुवायचे काम आमच्याकडे आले आहे. परवा तिने एक कोरा शिपाई आमच्या हाती दिला आणि म्हणाली, "पप्पा, ह्याचा डोळा तुम्ही काढा." तीस-पस्तीस वर्षांनी हातात ब्रश धरला. हात कापला. डोळा थोडा कपाळाकडे गेला. तिने तो तसाच ठेवला आहे.

जयभीम!